सर्चमध्ये वर आलं म्हणून खरं कसं?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीत इंटरनेटवर माहिती कशी शोधावी यावर जे छापलंय ते वाचून डोकंच फिरलं. सर्चमध्ये सगळ्यात वर येते ती माहिती तपासलेली असते, तिच्यावर निर्धास्त विसंबा म्हणे. कोणी तपासलेली? तुमच्या लेखकांना विचारून सांगा.

मे महिन्यात, पारा ४५ वर, आमचा एसी बंद पडला. सासरे ७८ वर्षांचे. त्यांनीच मोबाईलवर कंपनीचं नाव आणि 'सर्व्हिस सेंटर नागपूर' टाकलं आणि जी साईट वर आली तिच्यावरचा नंबर लावला. तासाभरात माणूस हजर, गळ्यात कंपनीचं आयकार्ड, एसी उघडला, पीसीबी, म्हणजे आतलं सर्किट बोर्ड, गेला म्हणाला, साडेचार हजार घेतले, पीसीबी काढून पिशवीत टाकला अन् संध्याकाळी बसवून देतो म्हणून गेला तो गेलाच. फोन बंद. खऱ्या कंपनीला विचारलं तर त्या नावाचं आमचं सेंटर नागपुरात नाहीच म्हणाले. सासरे रिटायर्ड हेडक्लार्क, आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढलेला माणूस, त्यांना पैशापेक्षा फसल्याचं जास्त लागलं, कितीतरी दिवस धड जेवले नाहीत.

ती साईट मग मी नीट पाहिली. धरमपेठ, महाल, मानेवाडा, नंदनवन, प्रत्येक भागाचं वेगळं पान, मजकूर सगळीकडे तोच, फक्त भागाचं नाव बदललेलं. आपण विचारल्यावर सर्च इंजिन काही गावात चौकशी करायला निघत नाही, त्याचे प्रोग्राम आधीच पानं वाचून कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची सूची करून ठेवतात आणि आपल्या शब्दांशी जुळणारी पानं क्रमाने दाखवतात. म्हणून तर 'नंदनवन' शब्द असलेलं पान बनवून ठेवायचं. १९९८ मध्ये गूगल सुरू झालं तेव्हा कल्पना अशी होती की ज्या पानाला इतर चांगल्या पानांनी लिंक दिली ते वजनदार. कल्पना चांगलीच होती, पण लोक लिंका विकायला लागले. आता आणखी पुष्कळ गोष्टी बघतात, स्पॅम काढायचा प्रयत्नही करतात, पण एखाद्या साईटवरचा फोन कोण उचलतं हे पाहायला कोणी बसलेलं नाही. त्याच्याही वर जाहिराती, बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेल्या, ती जागा तर लिलावात पैसे मोजून मिळते. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन, गूगलचे संस्थापक, यांनी स्वतःच १९९८ च्या त्यांच्या शोधनिबंधात लिहून ठेवलंय की जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन जाहिरातदारांकडे झुकणार. ज्यांनी बनवलं त्यांना ही काळजी होती आणि आपला पेपर लोकांना निर्धास्त राहा म्हणून सांगून राहिला.

त्यापेक्षा नंबर बिलावरून किंवा वॉरंटी कार्डावरून घ्या, पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, एवढं छापलं असतं तरी कोणाच्या घरचे पैसे वाचले असते. दुरुस्ती छापा, आणि त्याच पानावर छापा, कोपऱ्यात नको.

आणखी एक, विषय निघालाच आहे म्हणून. तुमच्या वेबसाईटवरही हेच सुरू आहे. 'नागपुरात उद्या या भागात पाणी नाही, वाचा सविस्तर' असं हेडिंग, मग पाणीकपात म्हणजे काय, नागपुरात पाणीकपात का होते, नागपूर पाणीकपात नागपूर पाणीकपात असं चार परिच्छेद, मध्ये जाहिराती, आणि जलकुंभांची नावं पार खाली. सर्चमध्ये वर यायला हे करता हे आम्हाला कळतं. पण सकाळी ड्रम भरून ठेवायचा की नाही हे ज्यांना बघायचं असतं त्यांच्यासाठी जलकुंभांची यादी पहिल्या ओळीत द्या.

आपली,
एक नियमित वाचक, नंदनवन, नागपूर