बॅटरीतले सात व्होल्ट जाळू नका

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्याकडे आता बऱ्याच शेतकऱ्यांकडे चार्जिंगचा फवारणी पंप आहे, त्यात 12 व्होल्टची बॅटरी, आणि रात्री वावरात जागलीला गेलेला माणूस त्याच बॅटरीवर मोबाईल लावतो. त्यासाठी लोक जे स्वस्तातलं सर्किट लावतात त्यात 7805 आयसी असते. ती 12 चे 5 करते खरी, पण मधले 7 व्होल्ट उष्णतेत जातात, म्हणजे 1 अँपिअर घेतला तर मोबाईलला 5 वॅट अन् हवेत 7 वॅट! हात लावला की चटका बसतो, आणि लोक म्हणतात बॅटरीच खराब निघाली. बॅटरीचा काय दोष बाप्पा?

माझं रिपेरिंगचं दुकान आहे, तिथं येणाऱ्या पोट्ट्यांना मी एक गोष्ट करून दाखवतो. 1000 मायक्रोफॅरड 25 व्होल्टचे दोन कॅपॅसिटर (थोडा वेळ वीज साठवून ठेवणारे पार्ट) सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडून 12 व्होल्टवर चार्ज करायचे, प्रत्येकावर साधारण 6 येतात, मग बॅटरी काढून तेच दोघं प्लसला प्लस मायनसला मायनस पॅरललमध्ये जोडायचे, मीटर 6 दाखवतो. पॅरललमध्ये चार्ज करून सिरीजमध्ये घेतले तं 24 च्या जवळ! प्लस-मायनस मात्र चुकवू नका, कॅपॅसिटर फुटतो.

हीच जोडाजोड ट्रान्झिस्टरनं सेकंदाला हजारो वेळा केली की सलग 6 व्होल्ट मिळतात आणि बॅटरीतून करंट जवळपास अर्धाच जातो, काही सर्किटांत लागते तशी कॉइल इथं लागतच नाही. हे रहाटगाडग्यासारखं आहे, गाडगं मोठं असलं किंवा रहाट जोरात फिरला की पाणी जास्त, तसंच कॅपॅसिटर मोठा किंवा स्विचिंग जलद असलं की करंट जास्त मिळतो. रिकामा कॅपॅसिटर भरताना एनर्जी वाया जाते हे खरं, पण चालू सर्किटमध्ये तो पुरता रिकामा होतच नाही म्हणून नुकसान कमी. मोबाईलसाठी 6 चे 5 करताना थोडं जाईल, तरी बॅटरीतल्या एनर्जीचे जास्तीत जास्त 83 टक्के हाती लागतात, 7805 मध्ये 42 च्या आत. हीच जोडाजोड करणाऱ्या आयसीएल 7660 सारख्या छोट्या आयसीवर मात्र मोबाईल लावू नका, ती थोड्याच मिलिअँपिअरची आहे. फास्ट चार्जिंगच्या बऱ्याच फोनमध्ये आत हेच चालतं, बाहेरून आलेलं व्होल्टेज अर्धं अन् करंट दुप्पट.

आमच्या भागातल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तोच ज्वालामुखी असतो. तुमच्या विद्यार्थ्यांच्या पानावर या दोन कॅपॅसिटरची आकृती छापा ना, आयटीआयच्या सरांनीही ती वर्गात करून घ्यावी. आकृती मी काढून पाठवतो, फक्त प्लस-मायनसच्या खुणा ठळक छापा.

एक वाचक, रिपेरिंग दुकानदार
ता. दारव्हा, जि. यवतमाळ