लेबर रूममधून सुनंदास

प्रिय सुनंदा,

सन्मानपूर्वक प्रसूती सेवेचा तास घेताना तुझ्या एका विद्यार्थिनीने विचारलं म्हणे, "साथीत हे सगळं कसं जमणार?" तिला सांग, साथीत तर ते सगळ्यात जास्त लागतं.

२०२० मध्ये कळा देणारी बाई दारात उभी असायची आणि आतून एकच आवाज, "स्वॅबचा रिपोर्ट आणा." चाचणीसाठी बाळंतपण अडवू नका, असं आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) मे महिन्यातच बजावलं होतं. पण परिपत्रकाच्या आधी वॉर्डात भीती पोचली. ती खोटी नव्हती गं. पीपीई किट चढवलं की तासन्‌तास पाणी नाही, लघवीला जाणं नाही, गॉगलवर वाफ आणि घरी लहान लेकरं. त्या थकव्याला मी नावं ठेवणार नाही. पण "ए, कोविड पॉझिटिव्ह, इकडे सरक" हे थकव्यातून येत नाही. बाईवर ओरडायची, न विचारता तपासायची सवय आपल्याकडे जुनीच; साथीने तिला निमित्त दिलं, इतकंच.

सोबतिणीचंच बघ. केंद्राने २०१६ मध्येच सांगितलं होतं की बाळंतपणात बाईजवळ तिची सोबतीण असू द्या. २०१७ अखेर लेबर रूमचा दर्जा सुधारायचा केंद्राचा 'लक्ष्य' कार्यक्रम आला, पडदे लागले, जरा कुठे घडी बसत होती. लॉकडाऊन लागला आणि सोबतीण थेट गेटबाहेर! जागतिक आरोग्य संघटना सांगत होती की कोविड असला तरी सोबतीचा हक्क जात नाही, मास्क लावून, हात धुऊन आई बाळाला पाजू शकते, नुसत्या कोविडपायी सिझर करू नका. तरी कितीतरी ठिकाणी बाळं आईपासून लांब ठेवली गेली. त्याच वेळी मुंबईच्या नायर रुग्णालयात कोविडबाधित आयांची हजारावर बाळं जन्मली, हेही मुलींना सांग.

आमच्याकडे एक पहिलटकरीण आली होती. भोवती सगळी पांढरी किटं, चेहरा कुणाचाच दिसेना. तपासायला गेलं की पाय घट्ट मिटून घ्यायची. इनचार्ज मंदाताईंनी मार्करने किटवर छातीशी नाव लिहिलं, तिच्या उशाशी गेल्या. "मी मंदाताई. आता तपासते हं. दुखलं तर सांग, मी थांबेन." ती कण्हली आणि त्या खरंच थांबल्या. मग पोरीने आपणहून अंग सैल सोडलं. बाहेर बसलेल्या तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावला, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उशाशी ठेवला. आई तिकडून "हं, बाय माझी, हं" करत राहिली. दुसऱ्या पाळीपासून प्रत्येकीच्या किटवर नाव होतं. यात पैसा कुठे लागला, सांग!

म्हणून फळ्यावर मुद्दे लिहिण्याआधी एकेकीला टेबलावर झोपव. तोंड झाकलेल्या दोघींना काही न बोलता तिच्याजवळ जायला सांग. मग विचार, कसं वाटलं.

मुलींचं पोस्टिंग आमच्याकडे लागलं तर आधी कळव. मंदाताईंना त्या आठवड्यात दिवसपाळी द्यायला मेट्रनना सांगते.

तुझी,
वैशाली