तव्यासंबंधी, फार उशिरा

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर गेले नाही याची खंत आहेच. पण आज लिहायला बसलो तो त्या खंतीमुळे नव्हे. काल रात्री माझ्या बिडाच्या तव्यावरून अंडे, उलथने न लावता, नुसत्या कललेल्या तव्यावरून अलगद ताटलीत उतरले, आणि मला आपली ती खोली, तुझा तवा आणि आठ दिवसांचा अबोला एकदम आठवला. घरात हे कोणाला सांगितले असते तर अंड्याचे एवढे काय, असेच वाटले असते. प्रकृती ठीक आहे. गुडघा होता तसाच आहे.

तुझा तवा मी रात्रभर पाण्यात भिजत ठेवला आणि सकाळी तांबूस झालेला पाहून तारेच्या घासणीने करडा होईपर्यंत घासला. तो काळा थर म्हणजे साचलेला मळ, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. आता चार वर्षे स्वतःचा तवा मुरवल्यावर कळते आहे की तेलाचे अगदी पातळ बोट फिरवून तवा धुराच्या बेतापर्यंत तापवला की तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन कडक होतात आणि लोखंडाला धरून बसतात. असे थरावर थर चढतात, तेव्हा तवा चिकटेनासा होतो. तेल जास्त झाले तर तोच थर चिकट राहतो, हे मी तीनदा चुकल्यावर शिकलो. तुझी कित्येक महिन्यांची मेहनत मी अर्ध्या तासात घासून टाकली होती. त्याबद्दल मी तेव्हा माफी मागितली नाही; आज मागतो. मात्र साबणाचा दोष नाही, हे माझे तेव्हाचे म्हणणे मी अजूनही सोडणार नाही. भांड्यांच्या सौम्य साबणाने मुरलेला थर जात नाही. तो जातो कॉस्टिक सोड्याने, घासणीने, आंबट पदार्थ तासन्‌तास ठेवल्याने, आणि ओल राहिली की खालचे लोखंड गंजते.

हे सगळे आज डोक्यात घोळण्याचे कारण धाकटी आहे. ती पुढच्या महिन्यात स्वतःचे घर मांडते आहे आणि भांडी कोणती घ्यावीत असे तिने मला विचारले आहे. तिच्या लहानपणापासून आमच्या घरातून किती नॉनस्टिक भांडी बाहेर गेली ते आठवून मला वाईट वाटले. खरे तर त्या भांड्यांवरच्या लेपाचा, म्हणजे टेफ्लॉनचा, शोधच योगायोगाने लागला. रॉय प्लंकेट हे रसायनशास्त्रज्ञ 1938 मध्ये शीतकरणासाठी वायू शोधत होते आणि त्यांच्या नळकांड्यात वायूऐवजी मेणासारखी पांढरी पूड निघाली. तिला काहीच चिकटत नाही, म्हणून तिलाही भांड्याला चिकटवणे अवघड. त्यासाठी धातूचा पृष्ठभाग खरखरीत करून लेप त्याच्या खाचांत रुतवतात. वापरताना तापून-निवून, घासून-खरवडून ती पकड सुटत जाते, आणि एकदा सुटली की घरी दुरुस्त करता येत नाही. सुटलेला कण पोटात गेला तर तो पचत नाही, तसाच बाहेर पडतो, म्हणून त्याची भीती मी तिला घातली नाही. रिकामे भांडे मोठ्या आचेवर विसरू नकोस, एवढे मात्र बजावले आहे. साधारण 260 अंश सेल्सिअसच्या पुढे तो लेप बिघडू लागतो, आणि फार तापल्यावर निघणाऱ्या वाफांनी पिंजऱ्यातले पक्षी मरतात. ताईंचा पोपट स्वयंपाकघराला लागूनच असतो ना? त्यांना हे आजच कळव.

आंबट पदार्थांसाठी मी तिला स्टेनलेस स्टील सांगितले. त्यातले क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर अतिशय पातळ पापुद्रा धरते, आणि ओरखडा पडला तरी तो पापुद्रा आपोआप पुन्हा धरतो. मला या धातूचे सर्वांत जास्त कौतुक वाटते ते याचे. अडचण अशी की स्टील उष्णता फार सावकाश पसरवते. अॅल्युमिनियम तीच सुमारे 15 पट वेगाने वाहते, म्हणून दोन पत्र्यांच्या मध्ये अॅल्युमिनियम असलेले तीन थरांचे भांडे घ्यावे. हा मधला थर काठापर्यंत हवा. नुसत्या बुडाला चकती बसवलेल्या भांड्यात चकतीच्या कडेला पदार्थ करपतो. आणि मूठ रिव्हेटने पक्की केलेली पाहावी, कारण स्क्रूची मूठ सैल होत राहते. स्टीलला पदार्थ चिकटतो ही तक्रार बहुधा घाईची असते: पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळू लागेपर्यंत भांडे तापवावे, मग आच कमी करून तेल घालावे. मीठ पाणी उकळल्यावर टाकावे. थंड पाण्यात तळाशी पडून राहिलेल्या मिठाने बुडाला बारीक खड्डे पडतात.

तव्याचा निर्णय मात्र होत नाही. तिचे मनगट मोडल्यापासून जड भांडे तिला एका हाताने पेलत नाही. बीड जड, आणि ठिसूळही. फरशीवर पडले तर तडकते. लोखंडी पत्र्याचा तवा हलका असतो, तसाच मुरतो, पण एकदम मोठ्या आचेवर ठेवला तर त्याला बाक येतो, आणि मग तो तुझ्या तव्यासारखा शेगडीवर डुगडुगतो. तिला तसा नवा पत्र्याचा तवा देऊन तिचा तिला मुरवू द्यावा, की जड असला तरी माझा चार वर्षे मुरलेला द्यावा, हे मी गेला आठवडाभर ठरवू शकलेलो नाही. तयार तवा दिला तर पहिल्याच दिवशी तिचे चिकटणार नाही; पण तो थर कशाने तयार होतो हे तिला ठाऊक नसेल, आणि मी तुझ्या तव्याचे केले तेच ती माझ्या तव्याचे करील.

वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले, हे वाचून बरे वाटले. तुझी बदली रद्द झाली का, तेही कळव. अण्णांना माझा नमस्कार सांग.

अबोला संपल्यावर तू तो घासलेला तवा पुन्हा माझ्याच हातात दिलास आणि तेलाची वाटी पुढे सरकवलीस. तू तेव्हा काही बोलला नाहीस. धाकटीला माझा तवा द्यावा की नवा, एवढे लवकर लिही. ती वीस तारखेला निघते आहे.

तुझाच