थंडीच्या आकड्याशेजारी सरासरीही छापावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याचा पारा दहा अंशांखाली उतरला की ‘आता कुठे गेली ती तापमानवाढ?’ हा प्रश्न टेकडीवर फिरायला येणाऱ्यांपासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. विचारणारे जाणते लोक असतात, म्हणूनच त्याचे उत्तर नीट मिळायला हवे.

आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा मंद असला की दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता वेगाने गमावते. त्यात उत्तरेकडून थंड, कोरडी हवा येऊन पोहोचली तर किमान तापमान झपाट्याने घसरते. गार हवा जड असल्यामुळे उतारावरून वाहत येऊन सखल भागात साचते. ‘पुणे महाबळेश्वरपेक्षा थंड’ ही दर हिवाळ्यातील बातमी त्यामुळे खरी असली तरी नवलाची नाही, कारण डोंगरमाथ्यावरील महाबळेश्वरात गार हवा साचून राहत नाही. अशा एका पहाटेवरून पृथ्वी तापते आहे की नाही, हे ठरवता येत नाही. त्यासाठी अनेक दशकांच्या नोंदी लागतात. आपले हवामान खाते सध्या १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी आधाराला घेते. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले, आणि त्याही वर्षी नोव्हेंबरअखेर पुणेकरांना कपाटातून स्वेटर काढावे लागले होते.

उलट बाजूची चूकही होते. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, तेव्हा प्रत्येक थंडीची लाट हवामानबदलाच्या माथी मारणेही योग्य नाही.

मला अधिक काळजी वाटते ती हिवाळ्याच्या शेवटाची. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ नंतरचे सर्वाधिक होते. त्याआधी मार्च २०२२ च्या उष्म्याने उत्तरेत दाणा भरण्याच्या वेळीच गव्हाला फटका दिला, आणि मे महिन्यात केंद्राने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. रब्बीच्या शेतकऱ्याला हा फरक पिकात दिसतो. शहरात मात्र चर्चा हुडहुडीचीच होते.

आपल्या दैनिकाने किमान तापमानाच्या आकड्याशेजारी ते कोणत्या केंद्रावरचे आहे, त्या तारखेची सरासरी किती आणि फरक किती, एवढे रोज छापावे, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कमाल तापमानाबाबतही हीच पद्धत ठेवावी, अशी विनंती आहे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे