एक 'ई', अर्थ हजार

संपादक महोदय,

व्हॉट्सअ‍ॅपवर हल्ली रोज कुणीतरी दोन भाषांतले सारखे प्रत्यय दाखवून 'बघा, मूळ एकच' असं ठोकून देतं, म्हणून हे पत्र. आपला साधा 'ई' घ्या ना. मराठीतच तो किती कामं करतो, घोड्याची घोडी होते, सुऱ्याची छोटी सुरी होते, तेलाचा तेली होतो, बंगालचा बंगाली. आता बाहेर बघा. अरबीत 'किताबी' म्हणजे माझं पुस्तक (आपल्याला मात्र पुस्तकी वाटतं!), तुर्कीत घराला 'एव' म्हणतात आणि 'एवी' म्हणजे 'ते घर' असं कर्म किंवा 'त्याचं घर', कुठलं ते वाक्यावरून कळतं. जॉर्जियनमध्ये तर 'ई' नुसता कर्त्याचा प्रत्यय, त्यामुळे लंडनसुद्धा तिथे 'लंडनी' होतं, आणि जपानीत 'आकाई' म्हणजे लाल, विशेषणाची खूण, वर भूतकाळ केला की तोच 'ई' गळून 'आकाकात्ता' होतं.

हंगेरियनची गंमत वेगळीच, 'बुडापेश्ती' म्हणजे बुडापेस्टचा, अगदी आपल्या बंगालीसारखं! पण हंगेरियन फिन्निशच्या कुळातली, आपल्या कुळाशी तिचं काही नातं नाही. सोपे स्वर मोजकेच, प्रत्यय शेकडो, मग अशी टक्कर होणारच की. नातं सिद्ध करायचं तर रोजच्या शब्दांत ठराविक ध्वनिबदल पुन्हा पुन्हा दिसावे लागतात, एका अक्षरावर लग्न जुळवू नका प्लीज.

- एक वाचक