श्रेय एकट्या ब्रेअर्लीचे?

महोदय,
स्टेनलेस स्टीलचा शोध म्हटला की इंग्लंडमधील शेफिल्डच्या हॅरी ब्रेअर्लीचे नाव घेऊन आपण मोकळे होतो. १९१३ साली बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून तो पोलादात क्रोमियम मिसळून पाहत होता. सूक्ष्मदर्शकाखाली पोलादाची घडण दिसावी म्हणून नमुन्याला आम्ल लावतात. सुमारे १३ टक्के क्रोमियमच्या या पोलादावर ते नीट चालेचना! आम्लाला दाद न देणारे पोलाद सहजी गंजणारही नाही, हे हेरून बंदुका राहिल्या बाजूला, गडी सुऱ्यांच्या मागे लागला. (शेफिल्ड सुऱ्या-कात्र्यांचेच गाव.)

पण लोखंड-क्रोमियमचा मिश्रधातू आम्लाला दाद देत नाही, हे फ्रान्सच्या पियर बर्थिए यांनी १८२१ मध्येच नोंदवले होते. शिवाय जर्मनीत एसेनच्या क्रुप कारखान्यातील माउरर आणि स्ट्राउस यांच्या क्रोमियम-निकेल पोलादाच्या पेटंटचे अर्ज १९१२ मधले. ब्रेअर्लीच्या पोलादाला लोहचुंबक चिकटते, क्रुपच्या या निकेलवाल्या पोलादाला नाही. आपल्या मांडणीवरच्या ज्या ताट-वाट्यांना ते चिकटत नाही, त्या एसेनच्या घराण्यातल्या. सुरीचा मान ब्रेअर्लीला जरूर द्यावा, ताट-वाटीचा कशासाठी?

– एक वाचक, सांगली