बाबा, पाणी प्या, गाडी थांबते

ती. बाबा आणि सौ. आईस, सा. न. वि. वि.

शाळेत मराठीच्या पेपरात लिहायचे तशी सुरुवात केलीय, हसू नका. तुमच्या युरोप टूरचं फोनवर सांगून उपयोग होत नाही म्हणून लिहायला बसले. बाबा फोन स्पीकरवर टाकतात आणि पेपर वाचत बसतात, आई "हो गं, कळलं गं" म्हणते आणि दुसऱ्या दिवशी तेच परत विचारते. दादा ह्याची मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल, ती आईच्या पर्समध्ये ठेवायची, बाबांच्या खिशात नको, तिथं गेलेला कागद आजपर्यंत कुणाला परत मिळालेला नाही.

पहिलं बाबांचं, कारण मला खरी काळजी त्याचीच आहे. गेल्या वर्षी सोलापूरच्या लग्नाला आपण ट्रॅव्हलरनं गेलो तेव्हा तुम्ही दोन दिवस ती लघवीची गोळी घेतलीच नाही, पाणी पण घोट घोट, का तर सारखी गाडी थांबवायला सांगायची लाज वाटते. बोलला काहीच नाहीत. परत आल्यावर पाय असे सुजले की चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा आईला कळलं आणि आईकडून मला. बत्तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला दुसऱ्याची गाडी थांबवायची लाज वाटते हे मला कळू शकतं हो, पण युरोपात पंधरा दिवस हे चालणार नाही. आणि मला माहितीय तुमच्या डोक्यात तेच चाललंय, परवा तुम्ही सहज विचारल्यासारखं विचारलंत ना, की "त्या कोचमध्ये संडास असतो का गं?"

तर ऐका. असतो, पण बरेच ड्रायव्हर तो बंदच ठेवतात, नाहीतर फक्त अगदीच अडचण असली तर उघडतात, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. पण गाडी थांबते. थांबावीच लागते. तिकडं कायदाच आहे, ड्रायव्हरनं साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तासाची विश्रांती घ्यायचीच, हवं तर आधी पंधरा मिनिटं आणि नंतर अर्धा तास अशी तोडून घेतली तरी चालते. दिवसाला नऊ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातनं दोनच दिवस दहा. आणि हे कुणी वहीत लिहीत नाही, गाडीत टॅकोग्राफ नावाचं यंत्र असतं, त्यात ड्रायव्हर आपलं कार्ड घालतो आणि गाडी कधी सुटली, किती स्पीडनं गेली, कधी उभी राहिली सगळं त्यात नोंद होतं, पोलीस रस्त्यात अडवून ते तपासतात आणि गडबड दिसली की दंड. म्हणजे आषाढीला तुम्ही पंढरपूरच्या जादा गाड्यांवर डबल ड्युटी करून डोळे लाल करून घरी यायचात तसं तिकडं कुणी करूच शकत नाही. रात्री पण सलग अकरा तास विश्रांती, आठवड्यातनं फार तर तीनदा कमी करायची सवलत असते तेवढीच. मी जर्मनीत ऑनसाइट होते तेव्हा हे पहिल्यांदा कळलं आणि खरं सांगू, मला तुमचीच आठवण आली, ती मुक्कामी गाडी, गावाच्या देवळात पथारी, आणि पहाटे पाचला परत स्टेअरिंगवर.

ह्याचा अर्थ दोन गोष्टी. एक, टूर मॅनेजर दर दोन-अडीच तासांनी हॉल्ट घेतोच, तुमच्यासाठी वेगळी गाडी थांबवायला लागत नाही, त्यामुळे पाणी प्यायचं. दुसरी, "अर्ध्या तासात परत या" म्हटलं की अर्ध्या तासातच यायचं, कारण उशीर झाला तर ड्रायव्हरचे तास संपतात, आणि मग कुणीही कितीही हातापाया पडलं तरी तो गाडी पुढे नेत नाही. हे आईसाठी आहे. आई, फ्रिज मॅग्नेट हॉटेलच्या जवळ पण मिळतात.

गोळीचं मी डॉक्टरांशी बोललेय. मनानं बंद करायची नाही हे त्यांनी परत दोनदा सांगितलं. प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय, ती चिठ्ठी गोळ्यांच्या डब्यावरच चिकटवलीय. तिकडचं घड्याळ मे महिन्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, तर पॅरिसला उतरल्यावर बाबांचं घड्याळ बदलायचं आणि गोळ्या तिकडच्या वेळेनं, हिशोब करत बसू नका. पंधरा दिवसांच्या टूरला बावीस दिवसांच्या गोळ्या दिल्यात, अर्ध्या हँडबॅगेत, अर्ध्या मोठ्या बॅगेत, स्ट्रिपमधून काढून त्या सोमवार-मंगळवारवाल्या डब्यात भरायच्या नाहीत, आणि औषधाचं मूळ नाव लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन बरोबर. इन्शुरन्सचा कागद पण त्याच्यातच आहे, व्हिसासाठी कमीत कमी ३०,००० युरोचं कव्हर लागतंच, पण मी बाबांचं बीपी त्यात आधीपासूनचं म्हणून लिहून घेतलंय, त्याचे जास्त पैसे गेले, किती ते विचारू नका.

आता सुट्टे पैसे. तिकडं बाथरूमला पैसे पडतात, बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक युरो. जर्मनीत हायवेवर बऱ्याच ठिकाणी एक युरो टाकला की गेट उघडतं आणि एक कुपन बाहेर येतं, ते तिथल्या दुकानात एक युरोला चालतं. आपल्याकडं कंडक्टर तिकिटाच्या मागं राहिलेले पैसे लिहून द्यायचा आणि उतरताना आपण विसरायचो, तसंच आहे ते, सगळे विसरतात. आई, तू विसरणार नाहीस हे मला माहितीय, पण चार कुपनं जमवून चॉकलेट घ्यायच्या नादात गाडी चुकवू नकोस. उतरल्या उतरल्या नोट मोडून एक-एक युरोची नाणी करून घ्या आणि बाबांच्या शर्टाच्या वरच्या खिशात रोज तीन नाणी असायलाच हवीत. मनात हिशोब करायचा नाही. एक युरो म्हणजे किती रुपये हे तुम्हाला मी अजून सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, दादालाही सांगू नको म्हटलंय.

पॅरिसला उतरल्यावर पहिली रांग इमिग्रेशनची. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडं नवीन पद्धत सुरू झालीय, पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. बाबा, आधारच्या वेळेला तुमचे ठसे उठत नव्हते आणि त्या पोरानं तुमचा हात धरून मशीनवर दाबला होता तेव्हा तुम्ही चिडलात, तसं इथं चिडायचं नाही. व्हिसाच्या वेळेला उठले होते ना, हाताला थोडं क्रीम लावून गेलो होतो तेव्हा. तसंच करा. एअरपोर्टवर उतरायच्या आधी विमानातच लावा.

खाण्याचं फार लिहीत नाही, रात्री भारतीय जेवण आहे, ब्रेकफास्ट हॉटेलात, मध्ये मेतकूट-भात नाही मिळाला तर मरत नाही कुणी. पण पेढ्यांचं लिहायलाच हवं. आई, तू साताऱ्याहून दोन किलो कंदी पेढे मागवलेस हे मला मावशीनं सांगितलं. कोचमध्ये सगळ्यांना वाटायला! दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरच्या देशातनं युरोपियन युनियनमध्ये स्वतःच्या खाण्यासाठी सुद्धा न्यायला बंदी आहे, गुरांचे रोग पसरू नयेत म्हणून. पेढे गेले, साजूक तुपाची बरणी गेली, आणि ते तुपातले बेसनाचे लाडू पण नकोत, वाद नको. चिवडा न्या, भडंग न्या, शेंगदाण्याची चटणी न्या, पण चटणी नीट पॅक करून मोठ्या बॅगेत. लोणचं पण मोठ्या बॅगेत, हँडबॅगेतून तेल-पाण्याचं काहीही शंभर मिलीच्या वर जात नाही. पॉवर बँक मात्र उलटी, ती हँडबॅगेतच हवी, मोठ्या बॅगेत चालत नाही. फळांमध्ये गंमत म्हणजे केळी, अननस, खजूर आणि नारळाला सर्टिफिकेट लागत नाही. पण म्हणून कोचपुढं फोडायला नारळ न्यायचा नाहीये. बाबांनी खंडेनवमीला डेपोत फोडले ते बास झाले.

हॉटेलच्या बाथरूमचं सांगते, हे कुणी सांगत नाही. खाली फरशीला पाणी जायला जाळीच नसते बऱ्याच ठिकाणी. आंघोळ काचेच्या आत नाहीतर टबात उभं राहूनच, पडदा टबाच्या आत सोडून. आई, बाहेर बसून बादलीनं कपडे धुतलेस तर पाणी बेडरूमच्या गालिच्यावर येणार, माझं स्टुटगार्टला पहिल्या आठवड्यात झालं होतं, मालकीण बाईंनी एक शब्द न बोलता फक्त मॉप आणून दिला, त्यापेक्षा ओरडली असती तर बरं वाटलं असतं. जेट स्प्रे नसतो, प्लॅस्टिकचा मग बॅगेत आहे. बेसिनच्या नळाचं पाणी पिण्याचंच असतं, सकाळी त्यातनंच बाटल्या भरून घ्या. विकत घेताना नीट बघा, सोडा निघतो बऱ्याचदा. फोनचा चार्जर आपला बारीक दोन पिनांचा तिकडं चालतो.

आई, तुला ट्युलिपचं सांगायचं राहिलं. ब्रोशरवर पहिल्याच पानावर ती बाग आहे ना, ती मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते, तुमची टूर मेच्या शेवटी. मी फोन करून विचारलं तर म्हणाले "मॅडम, फोटो प्रातिनिधिक आहे." राग आला, पण तिकिटं झाली होती. तू नाराज होऊ नकोस, स्वित्झर्लंडमधला ऱ्हाइन नदीचा धबधबा मेच्या शेवटी बर्फ वितळून भरून वाहायला लागतो, उंच नाही तो, तेवीस मीटर फक्त, पण दीडशे मीटर रुंद आहे आणि आवाज असा की बाबांचं मशीन कानातनं काढून ठेवलं तरी ऐकू येईल.

आणि दिवेलागण. पॅरिसला तेव्हा सूर्य साडेनऊच्या पुढं मावळतो. तू उन्हात जेवशील आणि मग संध्याकाळ होईल. निरांजन पेटवायचं नाही हॉटेलात, स्मोक अलार्म वाजतो आणि अख्खं हॉटेल रस्त्यावर येतं.

पॅरिसला त्या टेकडीवरच्या पांढऱ्या चर्चपाशी पायऱ्यांवर काही लोक हातात रंगीत दोरे घेऊन उभे असतात, गोड बोलून मनगटाला बांधतात आणि मग पैसे मागतात. आई, मला डोळ्यासमोर दिसतंय, तू देवाचा गंडा समजून हात पुढं करणार. हात खिशात. पासपोर्ट गळ्यातल्या पाऊचमध्ये शर्टाच्या आत, आणि सोन्याचं मंगळसूत्र घरी, काळ्या मण्यांची साधी सर घाल. व्हॅटिकनच्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, तुझ्या साडीला कोण काही बोलणार नाही, पण दादानं बाबांना ज्या थ्री-फोर्थ घेऊन दिल्यात त्या त्या दिवशी नकोत. खरं तर कुठल्याच दिवशी नकोत.

स्वित्झर्लंडमध्येच टिटलिस डोंगरावर केबल कारचं वरचं स्टेशन ३,०२० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. मेमध्ये पण बर्फ असतो, कानटोपी हवीच. डॉक्टरांनी परवानगी दिलीय पण हळू चाला, घाई केली की धाप लागते, चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच टूर मॅनेजरला सांगून खाली. व्हेनिसला कोच आत जातच नाही, बोटीनं उतरून चालायचं आणि दर थोड्या अंतरावर पायऱ्यांचे पूल. आई, तुझे गुडघे तिथं कुरकुरणार, पट्टे त्या दिवशी हॉटेलातनंच घालून निघ. पिसाच्या मनोऱ्यावर चढायचं नाही, खालनं बघायला चांगला दिसतो, वर गेलं की तो दिसतच नाही.

बाबा, शेवटी गाडीचं. कोचचं दार उजवीकडं, स्टेअरिंग डावीकडं, रस्ता ओलांडताना आधी डावीकडं बघायचं, हे तुम्हाला सवय मोडून शिकावं लागेल. सीट रोज बदलतात, पुढची सीट एकदाच मिळेल, त्यावरून कुणाशी भांडायचं नाही. बेल्ट लावायचा, तुम्ही कधीच लावत नाही. ऑस्ट्रियातून इटलीत उतरताना ब्रेनरचा घाट लागतो, १,३७० मीटर उंचीवर, पण सगळा मोठ्या पुलांवरून जातो, कुंभार्लीत वळण घेताना तुम्ही जसं अंग वाकवायचात तसं काही नाही, बघून वाईट वाटेल तुम्हाला. ड्रायव्हरला गियरबद्दल काही सांगू नका. हॉल्टला त्याला तुमचं जुनं एसटीचं ओळखपत्र दाखवा, भाषा नाही आली तरी चालेल. आणि त्याच्या डॅशबोर्डवरच्या टॅकोग्राफचा फोटो काढून मला पाठवा, विचारून काढा.

मी रविवारी येते. आई, पेढ्यांचा डबा मी येईपर्यंत उघडू नकोस.

तुमची,
सोनी